आले की आलो?

नेरळ,
१३ जुलै २०२५

सोनाआजी,

पायाला हात लावून नमस्कार. तुला गुदगुल्या होतात हे ठाऊक असूनही.

फोनचा नाद मी सोडला. मागच्या रविवारी मी "कादंबरी लिहितेय" म्हणून ओरडले, तू कोथिंबीर ऐकलीस आणि यंदाच्या पावसात कोथिंबीर कशी कुजली ते दहा मिनिटं सांगत बसलीस. शेजारच्या काकू दार उघडून बघायला लागल्या. बाबा म्हणाले, माझ्या आत्याचे कान गेलेत, डोळे नाही गेले, तिला पत्र लिही. म्हणून हे पत्र.

तर कादंबरी. गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. खालापूरच्या एका जासुदाची सतरा वर्षांची मुलगी, नाव ठकी. बापाचा पाय मोडतो आणि राजमाचीच्या किल्लेदाराला एक खलिता तातडीनं पोचवायचा असतो. ठकी बापाचा अंगरखा घालते, मुंडासं बांधते आणि घोड्यावर बसून निघते. वाटेत नदीला पूर, म्हणून चार दिवस स्वारांच्या तळावर अडकते, पुरुष म्हणून. मग तुमच्या कोंडाण्याच्या लेण्यांजवळून घोडा फेकत राजमाची गाठते.

तीन वर्षं लिहितेय गं. दिवसभर नेरळच्या नव्या बिल्डिंगांमधले सॅम्पल फ्लॅट लोकांना दाखवायचे, "इथून डोंगर दिसतो" म्हणायचं, आणि घरी येऊन ठकी लिहायची. प्रकाशनाच्या संपादक उज्वलाताईंनी हस्तलिखित परत पाठवलंय. त्यांचा शेरा असा: "ठकी आवडली. पण ती मुलगा म्हणून तळावर चार दिवस राहते आणि कुणाला संशय येत नाही, हे पटत नाही. दसऱ्यापर्यंत पटवून द्या, नाहीतर हे पुस्तक आपण सोडून देऊ."

आता मी काय करू? पुरुषाच्या वेशातली बाई मी कुठे बघितली आहे? निदान वाट आणि घोडा तरी बरोबर असावा म्हणून काही पानं सोबत जोडून तुला विचारतेय. वाट तुझ्या दारावरून जाते, आणि मालोजीआजोबांमुळे घोडे तू जवळून बघितलेस.

आणखी एक. पुस्तक मी आजोबांना अर्पण करणार आहे. आपल्या घराण्यात घोड्यावर बसून काही जिंकलेले ते एकटेच. हॉलमधला तो फोटो, ज्यात ते मुंडासं बांधून घोडीजवळ उभे आहेत, पहिल्या पानावर छापायचा विचार आहे. मागे फक्त "शर्यत जिंकली. माथेरान, मे १९६९" एवढंच लिहिलंय. त्या शर्यतीचं सविस्तर तू सांग. आजोबांना कुणी विचारलं की ते गोठ्यात काहीतरी राहिलं म्हणून उठून जायचे. फार विनयशील माणूस.

तुझी
अक्षदा

———

कोंडाणे,
२२ जुलै

चि. अक्षदेस आशीर्वाद.

चौथीपर्यंतच्या शाळेत एवढं लिवायला शिकवलं व्हतं, ते लिवून झालं. आता बोलते.

तुजी पानं वाचली. ठकी पोर चांगली हाय, पण बावळट हाय. अगं, लेण्यांच्या पुढं घोडा जातो व्हय? खडी चढण, वर कातळ. बकरी विचार करून पाय टाकते तिथं. घोडा लेण्यांपाशी सोडायचा आणि पायी चढायचं. तुज्या त्या उज्वलाताईला शहरात कळलं नाय, पण आमच्या गावात कुणी वाचलं तर माजं नाक कापलं जाईल.

दुसरं. तळावर ठकी पयल्याच दिवशी सापडंल. का, ते सांगते. म्हातारं माणूस समोर आलं की बाईचा हात आपसूक डोक्याकडं जातो, पदर घ्यायला. पदर नसला तरी जातो. तो हात मधेच थांबवता येत नाय, मंग काय करायचं? डोकं खाजवायचं. लोक म्हणत्याल पोराच्या डोक्यात उवा हायेत. म्हणू दे. उलट बरं, कुणी शेजारी झोपायला येत नाय.

तिसरं, मान. बाईनं लहानपणापास्नं हंडे वाहिलेले असतात. डोक्यावर काय नसलं तरी ती मान हंडा असल्यावानी धरून चालते. ठकीला मान जरा ढिली सोडायला सांग. चौथं, मनगटावर गोंदण असंल तर त्याच्यावर फडकं बांधायचं आणि विचारलं तर लगाम घासून कातडं सोललंय म्हणायचं.

आणि घोडीवर बसणं म्हंजे पाटावर बसणं नव्हं. तू लिवलंयस, "ठकीने टाच मारली आणि घोडा वाऱ्यासारखा निघाला". असा निघत नाय. पयल्यांदा मी चढलो तवा चांदणीनं मला करवंदीच्या जाळीत फेकलं आणि मान वळवून बघत ऱ्हायली. घोडी आधी माणूस वळखते, मंग निघते.

फोटो छापायचं राहू दे. मालूदादाला असलं आवडायचं नाय. शर्यतीचं काय सांगायचं, घोडी पळाली, संपलं.

यंदा कोथिंबीर खरंच कुजली.

सोनाबाई

———

नेरळ,
३ ऑगस्ट

सोनाआजी,

तू कमाल आहेस. मी तीन प्रकरणं पुन्हा लिहिली. उवांचं वाचून मी एकटीच इतकी हसले की बाबा टीव्ही बंद करून विचारायला आले. घोडाही लेण्यांपाशी सोडला, तुझं नाक शाबूत आहे.

एक बारीकशी चूक सांगू? रागावू नकोस. तू लिहिलंयस "मी चढलो". ते "मी चढले" हवं. बाकी तुझं शुद्धलेखन आमच्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा बरं आहे. आणि आजोबांच्या चांदणीवर तू बसायचीस हे मला माहीतच नव्हतं. लहानपणी बसवायचे का ते तुला?

हे सगळं तुला कसं ठाऊक, याचा मी विचार केला आणि मला उलगडलं. तू गावच्या नाटकात पुरुषाचं काम केलंयस. खरं ना? जत्रेत वगैरे? तसं असेल तर माझा पुढचा प्रश्न तुझ्याच अखत्यारीतला आहे.

बोलण्याचं काय? ठकी तळावर खुशाल "मी आलो, मी गेलो" म्हणत फिरते. उज्वलाताई म्हणतात, जन्मभर "आले, गेले" म्हणणारी मुलगी एका दिवसात "आलो, गेलो" कसं बोलेल? रागात, घाईत जीभ घसरणारच. त्यांचं खरं आहे. मी घरी अर्धा तास पुरुषासारखं बोलून बघितलं. बाबांनी चहा विचारला आणि मी "घेते" म्हणाले. अडीच मिनिटं टिकले असेन.

फोटोचं मात्र मी तुझं ऐकणार नाही. आजोबांना आवडलं नसतं म्हणूनच छापायचा. विनयाला पण काही मर्यादा असते.

अक्षदा

———

कोंडाणे,
१२ ऑगस्ट

अक्षदे,

नाटक म्हणतेस तर नाटकच समज. आणि "चढलो" म्हंजे हाताचं वळण गेलं, दुसरं काय. शुद्धलेखनाचे गुरुजी जाऊन चाळीस वर्षं झाली, आता तू छडी घेऊन बसलीस.

बोलायचं सांगते, नीट ऐक, हे कुठल्या पुस्तकात नाय.

"आलो, गेलो" घोकायचंच नाय. घोकलं की घसरतं. त्याच्यापेक्षा असं बोलायचं की बाई हाय की बाप्या ते कळूच नाय. "मी भाकर खाल्ली" म्हण. आता सांग, कोण बोललं? कळलं नाय ना? "मी घोडी बांधली", "मी लाकडं आणली", कुणालाबी चालतं. "मी जाईन", "मी करीन", ते बी चालतं. "मला जायचंय", "मला भूक लागली". पण "पाणी प्याले" आलं की मेलो, म्हणून पाण्याचं बोलायचंच नाय, तांब्या दावायचा. आणि "येतो, जातो" अगदी अडलं तर "मी" सोडायचा आणि "आमी" धरायचा. "आमी जातो." "आमी आलो." बाई म्हणाली तरी तेच, बाप्या म्हणाला तरी तेच.

यात एक तोटा हाय. लोकांना वाटतं पोरगं लय शिष्ट हाय, स्वतःला राजे समजतं. डोक्यात उवा आणि तोंडात "आमी". हसतात मागं. हसू दे. हसणारा माणूस संशय घेत नाय.

तरी एकदा तरी जीभ घसरतेच. तवा शेजारी कोण हाय त्याच्यावर सगळं. तुज्या ठकीच्या शेजारी चांगलं माणूस ठेव.

फोटोचं दुसऱ्यांदा सांगते, छापू नको. तिसऱ्यांदा सांगणार नाय.

सोनाबाई

———

नेरळ,
२० ऑगस्ट

सोनाआजी,

तुझं पत्र वाचून मी मराठी पहिल्यांदाच ऐकतेय असं वाटलं. ठकी आता तळावर "आम्ही" म्हणते आणि सगळे स्वार तिला "महाराज" म्हणून चिडवतात. पुस्तक वाचलं तर तुझ्यामुळे वाचेल.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

काल फोटो स्कॅन करायला कर्जतला नेला होता. दुकानदारानं तो पडद्यावर मोठा केला, माझ्या तोंडाएवढा. आजवर मी त्यात मुंडासं आणि घोडीच बघत होते. काल उजवं मनगट दिसलं. त्याला फडकं बांधलंय.

घरी येऊन तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. तुझ्या उजव्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे. आजोबांच्या मनगटावर काहीच नव्हतं. आणि "मी चढलो" ही चूक नव्हती ना?

आजी, फोटोत कोण आहे?

अक्षदा

———

नेरळ,
८ सप्टेंबर

सोनाआजी,

तुझं उत्तर नाही. गणपतीलाही तू आली नाहीस, पहिल्यांदाच. बाबांना वाटतंय गुडघे दुखतायत. मी काही बोलले नाही आणि बोलणार नाही.

मला विचारायला नको होतं. तू दोनदा "छापू नको" म्हणालीस आणि मी विनयावर भाषण दिलं. फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय. तू म्हणत असशील तर मुंडासं, उवा, फडकं, "आम्ही", सगळं पुस्तकातून काढून टाकते. मग पुस्तक होणार नाही हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं गेली तर गेली, दुसरं लिहीन. दुसरी सोनाआजी कुठून आणू?

एक ओळ पाठव. शिवी असली तरी चालेल.

अक्षदा

———

कोंडाणे,
१६ सप्टेंबर

अक्षदे, शहाणे,

शिवी देणार व्हते, पण तू पुस्तक सोडायला निघालीस ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. माजे गुडघे धडधाकट हायेत. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तुजा बाप प्रवीण त्या फोटोला हार घालतो, त्याच्यासमोर मी मोदक कशी खाऊ?

फोटोत मी हाय.

त्या वर्षी दादा विषमज्वरानं पडला. चांदणी मालकाची, आबाजीची, पण शिंगरू असल्यापास्नं दादानं वाढवलेली. आबाजीचा निरोप आला की सोमवारी माथेरानच्या दस्तुरी नाक्याला माणूस आला नाय तर घोडी दुसऱ्याच्या हातात देणार. तो दुसरा जनावराला चाबकानं फोडायचा. दादा तापात रडायला लागला. मी सतरा वर्षांची, अंगानं काटकुळी, आवाज घोगरा. दादाचा सदरा, विजार घातली, केस मुंडाशात कोंबले. आई म्हणाली, "जा. पण सापडलीस तर मी तुला वळखत नाय."

वर जाऊन सांगितलं की मालोजीचा मावसभाऊ सोन्या आलाय. बावीस दिवस राहिले. पयल्या दिवशी करवंदीच्या जाळीत पडले. तिसऱ्या दिवशी चांदणीनं खांद्यावर तोंड ठेवलं. पर्यटकांना फिरवायचं, खरारा करायचा, चुलीवर भाकऱ्या भाजायच्या. माजी भाकर गोल व्हते म्हणून पयला संशय यायचा व्हता, मंग मी मुद्दाम वाकड्या भाजायला लागले.

चौथ्या दिवशी जीभ घसरली. सगळे घोडेवाले चहाला बसलेले, आबाजीनं लांबून हाक मारली, "सोन्या!" आणि मी उठले नि ओरडले, "आले, आले!"

सगळ्यांच्या माना वळल्या. शेजारी हातरिक्षा ओढणारा एक जण बसला व्हता, त्याच्याशी मी तोवर दोन शब्द बोलले नव्हते. त्यानं माज्याकडं बघितलंसुदिक नाय. चहावाल्याला मोठ्यानं म्हणाला, "सोन्यानं आलं आणलंय बघ. टाक चहात."

सगळे परत चहाला लागले. आलं कुठलं नि काय, पण त्या दिवशी चहात आलं नाय म्हणून कुणी विचारलं नाय. त्या माणसानं पुढच्या अठरा दिवसांत एक अवाक्षर काढलं नाय. फक्त मी पाण्याला जायची तवा वाटेवर रिक्षा आडवी लावून बिडी ओढत बसायचा, म्हंजे मागं कुणी जाऊ नाय.

शर्यत शेवटच्या रविवारी. नाव आबाजीनं आधीच मालोजीचं देऊन ठेवलं व्हतं, ते बदलायला वेळ नव्हता. सात घोडी. मी हलकी, चांदणी तापलेली. पयल्या वळणावर आमी चौथे, दुसऱ्या वळणावर तिच्या कानात दादाचं नाव घेतलं. मंग मला काय आठवत नाय, नुसता लाल धुरळा आठवतो. मुंबईच्या एका साहेबानं फोटो काढला आणि पेला दिला. त्याच पेल्यानं तू माज्या घरी तांदूळ मोजून घेतेस.

घरी आले. दादानं पेला छातीशी धरला. म्हणाला, सगळ्या गावाला सांगतो. मी त्याचा हात माज्या डोक्यावर ठेवून त्याला शपथ घातली की सांगायचं नाय. बावीस दिवस घोडेवाल्यांत राहिलेल्या पोरीला कोण करून घेणार, अक्षदे? तेव्हाचे दिवस तसे. त्यानं शपथ पाळली. फोटो मी त्यालाच दिला, चेहरा दोघांचा सारखाच. लोकांनी त्याचं कौतुक केलं आणि तो जन्मभर गोठ्यात पळत ऱ्हायला. विनय नव्हं तो.

आता मी सांगितलं तर लोक माज्या भावाला खोटारडा म्हणत्याल. तो मेलाय, त्याला उत्तर देता येणार नाय. माजं दुखणं तेवढंच हाय. म्हणून असं कर. ठकीला माजं सगळं दे, एक धागा ठेवू नको. पण पयल्या पानावर नाव दादाचंच ऱ्हाऊ दे.

आणि तो रिक्षावाला. दोन महिन्यांनी मला बघायला कोंडाण्याचे पाव्हणे आले. मी मान खाली घालून चहा दिला. नवऱ्या मुलानं घोट घेतला आणि विचारलं, "आलं का?" मी वर बघितलं. तोच. मिशीत हसत व्हता मेला. मी म्हणाले, "आले."

तो तुजा विठूआजोबा.

सोनाबाई

———

नेरळ,
४ ऑक्टोबर

सोनाआजी,

मी हे पत्र चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी "आले" पाशी येऊन थांबले. विठूआजोबा प्रत्येक चहाला "आलं का?" विचारायचे आणि तू रागावायचीस की रोजच असतं, रोज काय विचारता. मला वाटायचं त्यांना विसरायला होतं.

आधी पुस्तकाचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी उज्वलाताईंचा निरोप आला. पुस्तक घेतायत. त्यांचा शेरा जसाच्या तसा लिहिते: "आता ठकी पकडली गेली असती तर मला पटलं नसतं. ते काढ्यातलं आलं छान." त्या काळी इकडे चहा कुठला, म्हणून काढा केला. मी ऑफिसात उड्या मारल्या. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेलं जोडपं घाबरून निघून गेलं.

आता तुझ्या दुखण्याचं. मी बाबांना काही सांगितलेलं नाही, शब्द पाळलाय. पण पुस्तकासाठी हवंय असं म्हणून एक विचारलं. आजोबा शर्यतीबद्दल नेमके कोणते शब्द वापरायचे? बाबा फोटोसमोर उभे राहून आठवत बसले. मग आजोबांच्या आवाजात म्हणाले, "शर्यत आमी जिंकली." मी विचारलं, कधी "मी जिंकलो" म्हणाले? बाबांनी पुष्कळ आठवून बघितलं. नाही. एकदाही नाही. कुणी खोदून विचारलं तर "चांदणी जिंकली" म्हणायचे, नाहीतर "आपल्या घरानं जिंकली". आणि गोठ्यात जायचे. फोटोमागचं अक्षर आजोबांचंच आहे, बाबांनी ओळखलं. "शर्यत जिंकली." कुणी, ते नाही.

आजी, तुझी युक्ती तू एकटीनं वापरली नाहीस. तू बावीस दिवस तसं बोललीस, आजोबा पन्नास वर्षं बोलले. शपथ मोडली नाही आणि खोटंही बोलले नाहीत. त्यांना खोटारडा कुणी म्हणायचं ठरवलं तर आधी त्यांचं एक तरी खोटं वाक्य शोधून आणावं लागेल.

पहिलं पान मी कोरं ठेवलंय. छापायला महिनाभर आहे. तू सांगशील तेच जाईल, दादाचं नाव म्हणालीस तर दादाचं. मी तिसऱ्यांदा भाषण देणार नाही.

अक्षदा

———

कोंडाणे,
१९ ऑक्टोबर

अक्षदे,

तुजं पत्र वाचून मी ओट्यावर बसून रडले. दादा किती वर्षं जपून बोलला गं. मला वाटायचं त्याला शर्यतीचं नावच नको झालंय, माज्यामुळं. तो तर एकेक शब्द निवडून टाकत व्हता, मी तुला शिकवलं तस्सं. आजारातनं उठल्यावर मीच त्याला त्या बोलण्याची गंमत सांगितली व्हती. लय हसला व्हता तवा.

मंग मी प्रवीणला निरोप धाडला. परवा आला. समोर बसवून सगळं सांगितलं. वाटलं चिडंल. तो दोन कप चहा प्यायला, मंग म्हणतो, "आत्या, म्हणजे बाबा स्वतःच म्हणायचे की शर्यतीत घोड्यावरून पडायची मला भीती वाटते, ते खरंच होतं? मला वाटायचं मीच एकटा भित्रा निघालो." आणि हसायला लागला. मी पण हसले. जाताना पेला हातात घेऊन बराच वेळ बघत व्हता. तो घेऊन जा म्हणाले, तर म्हणतो, तांदूळ कशानं मोजशील. काल परत आला, फोटो घेऊन. माज्या भिंतीवर खिळा ठोकून गेला, विठूआजोबांच्या शेजारी. दोघं एकमेकांकडं बघतायत आता. हार मात्र मी काढायला लावला. जित्या माणसाला हार कसला?

गावात कळलं. शेजारची चंद्राबाई म्हणाली, मला आधीपास्नं संशय व्हता. तिला कसला संशय, ती माज्यापेक्षा दहा वर्षांनी लहान हाय. पण तिची नात आली आणि म्हणाली, आजी, घोड्यावर बसायला शिकव. आता या वयात कुठं शिकवू? उद्या जाऊन बघते, खाली फार्महाऊसवाल्याकडं एक तट्टू हाय.

पयल्या पानाचं सांगते. फोटो छाप. खाली दोन नावं टाक, आधी मालोजी, मंग सोनाबाई. त्याचं वाक्य त्याच्या नावापुढं टाक, "शर्यत आमी जिंकली", जसं तो म्हणायचा तसंच, "आम्ही" करू नको.

माज्या नावापुढं माजं टाक. छप्पन वर्षं हे वाक्य मी बोलले नाय, जीभ घसरंल म्हणून. आता लिवते. तुजी छडी घे आणि तपास, चूक असंल तर सांग.

मी जिंकले.

सोनाबाई